कुंचल्यापुढून सरकलेला टँकर

कारखान्याचे मालक दुपारी घरी येणार, असा निरोप सकाळीच आला होता, आणि तो ऐकल्यापासून रंगारी मास्तर जेवणाच्या टेबलापासून हलले नव्हते. त्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या आसनावर, एक दुधाचा टँकर विराजमान झालेला होता. खऱ्या टँकराच्या चोविसाव्या हिश्श्याचा; म्हणजे आडवा ठेवला असता जेमतेम हातभर. तथापि त्याला आरसे होते, पायदान होते, टाकीवर चढण्याची शिडी होती, आणि चालकाच्या बाजूची काच अर्धी खाली उतरविलेली होती, जणू चालक नुकताच कोपर बाहेर काढून बसणार होता.

“अहो, आज तरी टेबल मोकळं मिळेल का?” पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले. “की मालकांना टाकीवर बसवून चहा द्यायचा?”

“अगं, रंग ओला आहे. हात लावू नकोस.”

“लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून इथला रंग ओलाच आहे.”

मास्तरांचा पेशा गाड्यांवर अक्षरे आणि पट्टे रंगविण्याचा. ज्या कारखान्यात उघड्या सांगाड्यांवर ट्रक आणि टँकर बांधले जात, तेथे शेवटचा हात त्यांचा असे. आणि जी गाडी कारखान्यात मोठी रंगविली, तिचीच लहान प्रतिकृती घरी घडविणे हा त्यांचा छंद. दुकानात मिळणारे प्लास्टिकचे सुटे भाग ते आणीत खरे, पण डब्यावर छापलेल्या चित्राप्रमाणे गाडी जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून काढणे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. ते नाक कापीत, छत उंचावीत, धुराची नळी संपलेल्या पेनापासून बनवीत. अशा गाड्यांनी काचेचे कपाट भरून गेले होते, आणि पत्नी त्यास ‘तुमचं वाहनतळ’ असे म्हणत असे.

मग एके दिवशी कारखान्यात शिडी घसरली. मास्तर एका ट्रकच्या टपावरून खाली आले ते उजव्या मनगटावर. हाड सांधले, प्लास्टर निघाले, परंतु हात पूर्वीचा राहिला नाही. अधांतरी धरला की कुंचल्याचे टोक थरथरू लागे. डॉक्टर म्हणाले, थरथर जाईल. कधी जाईल, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. इकडे कारखान्यात नवा टँकर उभा राहत होता, आणि यंत्रावर अक्षरे कापून गाडीला चिकटविणारा एक स्टिकरवाला मालकांकडे खेटे घालू लागला होता. एकदा का त्याचे पाऊल आत पडले, की रंगाऱ्याचे स्टूल कायमचे अडगळीत जाणार, हे मास्तर पुरते ओळखून होते.

म्हणूनच त्यांनी तोच टँकर घरी बांधावयास घेतला. नळाच्या पाइपाचा तुकडा कापून टाकी केली. सांध्यांत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासून घासून ती आरशासारखी गुळगुळीत केली, प्रायमरचा हात दिला. शेवटी निळा पट्टा आणि दारावरील अक्षरे यांची पाळी आली तेव्हा त्यांनी श्वास रोखून कुंचला टेकविला, आणि काय आश्चर्य! पट्टा सरळ आला. अक्षरे तर अशी उमटली की भिंगातून पाहिली तरी कोठे खोट सापडेना. हात बरा झाला, हा एकच विचार त्यांच्या मनात दुमदुमला.

दुपारी मालक आले. चहा तसाच निवत राहिला आणि ते टेबलाभोवती फिरत राहिले. वाकून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“मास्तर, हे तुम्ही आत्ता केलंत? पडल्यानंतर?”

“काल रात्रीच पट्टा ओढला, मालक.”

“वहिनी, खरं सांगा.”

“खरंच हो. माझ्या टेबलाची शपथ. दोन आठवडे मांडीवर ताट घेऊन जेवतोय आम्ही.”

मालकांनी तेथेच फोन काढला आणि स्टिकरवाल्यास सांगून टाकले की येऊ नकोस, आमचा माणूस परत आला आहे. “उद्या सकाळी या,” ते मास्तरांना म्हणाले, “दूधवाले संध्याकाळी गाडी न्यायला येणार आहेत.” ते गेले, आणि मास्तरांच्या जिवात जीव आला. त्यांनी निवलेला चहा एका दमात घशाखाली घातला.

“आता माझंही एक काम करा,” पत्नी म्हणाली. तिचा चेहरा फुलून आला होता. “त्या वरच्या फळीवरच्या डब्यांवर नावं घाला. दोन्ही सारखे दिसतात. त्या दिवशी तुमच्या चहात मीठ पडलं आणि तुम्ही मुकाट प्यायलात.”

“मला वाटलं, रागावली आहेस.”

मास्तर हसत हसत स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले, आणि फळीवरील डब्याला त्यांनी कुंचला लावला. ‘साखर’ या शब्दातील पहिलेच अक्षर गांडुळासारखे वळवळत खाली उतरले. त्यांनी ते पुसले, पुन्हा लिहिले. पुन्हा गांडूळ.

ते तडक टेबलाशी येऊन बसले आणि टँकराच्या मागील बाजूस त्यांनी एक बारीक रेघ ओढली. रेघ सरळ आली.

“हे कसलं गौडबंगाल?” ते पुटपुटले.

पत्नी त्यांच्या खांद्यामागे उभी होती. “पुन्हा ओढा,” ती म्हणाली, आणि थोडा वेळ पाहून हळूच म्हणाली, “अहो, तुमचा उजवा हात नुसता बसलाय. काम डावा करतोय.”

मास्तरांनी खाली पाहिले. उजवे मनगट त्यांनी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरले होते. दाबले असता ते थरथरत नव्हते, आणि कुंचलाही खिळा ठोकल्याप्रमाणे स्थिर होता. डावा हात मात्र टँकर त्या कुंचल्यापुढून अलगद सरकवीत होता, वळणावर फिरवीत होता. बारीक गाड्या रंगविताना वर्षानुवर्षे जडलेली ही सवय. परंतु तिने आपणांस असे फसवावे, याची त्यांस कल्पनाच नव्हती. हात बरा झालाच नव्हता. गाडी फिरत होती. आणि उद्याची गाडी कोण फिरविणार?

“मालकांनी त्या माणसाला नकार कळवला गं,” ते म्हणाले. “आजारी आहे म्हणून सांगू का?”

“आणि परवा काय सांगाल?” तिने जवळ खुर्ची ओढली. “गाडीला कुंचला लावायच्या आधी त्यांना सांगा. लावल्यावर त्यांना कळलं तर ती फसवणूक होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर छोटा टँकर बुटांच्या खोक्यात घालून कारखान्यात पोहोचले. आत पत्र्याचा आणि ताज्या रंगाचा ओळखीचा दर्प भरला होता. मध्यभागी मोठा टँकर उभा होता. टाकी पांढरीशुभ्र, दारे कोरी.

“आले, आले, सरकार आले!” वेल्डर ओरडला. त्याला सारे ठिणगी म्हणत. त्याच्या यंत्रातून जेवढ्या उडत त्याहून अधिक त्याच्या जिभेवरून उडत. “मास्तर, बूट घेतलेत की काय नवे? आम्हाला दाखवा तरी.”

“गप रे,” मालक म्हणाले. “मास्तर, करा सुरुवात.”

मास्तरांनी खोके बाकावर ठेवले.

“मालक, सुरुवात करण्यापूर्वी एक सांगायचं आहे. माझा हात बरा झालेला नाही. काल तुम्ही पाहिलंत ते खोटं नव्हतं. पण मला वाटलं होतं तसंही ते नव्हतं.”

यंत्रांचा आवाज थांबला. मालकांच्या कपाळाला आठी पडली. “म्हणजे? रंगवलं कोणी?”

“मीच. पण हात हलवून नाही. गाडी हलवून.”

त्यांनी छोटा टँकर बाहेर काढला, मनगट बाकाच्या कडेवर दाबले, आणि करून दाखविले. मग तोच हात त्यांनी अधांतरी उचलून धरला, आणि कुंचल्याचे टोक सर्वांच्या देखत थरथरले. मालक त्या टोकाकडे पाहत राहिले.

“स्टिकरवाल्याला मी परत फोन करू शकतो,” ते अखेरीस म्हणाले. रागावून नव्हे, आणि म्हणूनच ते मास्तरांच्या अधिक जिव्हारी लागले.

“करा,” मास्तर म्हणाले, आणि टँकर पुन्हा खोक्यात ठेवू लागले.

“थांबा हो जरा!” ठिणगीने चष्मा कपाळावर सरकविला. “गाडी हलवायची आहे ना? मग हलवू की! एवढी चाकं शोभेला लावलीत का मी?”

सारे हसले. मालकही हसले. परंतु मास्तर हसले नाहीत. खोक्याचे झाकण त्यांच्या हातात तसेच राहिले, आणि ते कारखान्याच्या फरशीकडे पाहू लागले. फरशी सपाट होती. टँकरापुढे दारापर्यंत जागा मोकळी होती.

“ठिणगी,” ते म्हणाले, “तुझा तो पत्रे टेकवायचा लोखंडी घोडा आण. आणि जड वजन ठेव त्याच्यावर.”

पुढे जे घडले त्याचे वर्णन कारखान्यातील माणसे अजूनही हात नाचवून करतात. टाकीच्या शेजारी घोडा उभा राहिला. मास्तर स्टुलावर बसले, मनगट घोड्यावर ठेवले आणि ते हलू नये म्हणून वर चामडी पट्टा आवळून घेतला. कुंचला टाकीला टेकला. मालक स्वतः चढून स्टिअरिंगवर बसले, ब्रेक सोडला, आणि बाकीची सारी मंडळी मागून ढकलावयास लागली.

“हळू! मुंगीच्या पावलानं!”

“मुंगी एवढी वजनदार नसते, मास्तर!”

“बोलू नका, श्वास वाया जातो. चला. चला. थांबा!” रंग संपला की मास्तर थांबवीत, कुंचला बुडवीत, पट्ट्याच्या टोकाशी अचूक टेकवीत, आणि पुन्हा आज्ञा देत. टँकर त्यांच्यापुढून एखाद्या पांढऱ्या जहाजासारखा सरकत राहिला, आणि त्याच्या अंगावर निळी रेघ लांब होत गेली. अखेर टाकीचे मागील टोक आले. मालक खाली उतरले, एक डोळा मिटून त्यांनी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला.

“सरळ आहे,” ते म्हणाले. मग जणू स्वतःलाच पटविण्यासाठी पुन्हा म्हणाले, “सरळ आहे की हो!”

“दुसरी बाजू राहिली,” ठिणगी धापा टाकीत म्हणाला. “आणि दारांचं काय? टँकर गोल गोल फिरवू का आता?”

“दारं उतरवा,” मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात आता जुनी धार परतली होती. “घरी मी दार रंगवून मगच चिकटवतो. इथं लावून मग रंगवतो, ही माझीच चूक.”

दुसरी बाजूही तशीच ढकलत रंगवून झाली, आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट निघाले. जुन्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या फिरत्या भागावर, ठिणगीने एक पत्रा बसविला, त्यावर दार आडवे ठेवले, आणि ते बोटाने ढकलले तरी फिरू लागले. मास्तरांनी मनगट घोड्यावर दाबून धरले, डाव्या हाताने दार सरकविले, फिरविले, आणि अक्षरांमागून अक्षरे उमटू लागली: गोलाईला गोल, उभीला उभी. गांडुळांचा मागमूस नव्हता. मालकांनी कोपऱ्यात जाऊन फोन केला. “स्टिकर नकोतच,” असे त्यांनी कोणाला तरी सांगितले, आणि ते ऐकताच मास्तरांच्या छातीवरील धोंड उतरली.

संध्याकाळी दूधवाले गाडी घेऊन गेले. बाकावर चहा आला. मास्तरांनी पत्नीला फोन लावला. “झालं,” एवढेच ते म्हणाले.

“कळलं मला आवाजावरून,” ती म्हणाली. “येताना डब्यांसाठी तो फिरता पत्रा मागून आणा.”

त्यांनी कप उचलला. रिकाम्या हवेत हात पुन्हा थरथरला, आणि चहा बशीत सांडला.

“बशी फिरवू का, मास्तर?” ठिणगीने विचारले.

“नको,” मास्तर म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी ते खळखळून हसले. “तू कप घट्ट धर. मी तोंड पुढं आणतो.”