मेंढ्याला आलेला स्वामींचा फोन

नवी पेठेत साड्यांच्या एका दुकानावर जो हॉल आहे, तिथं गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते. खाली रिक्षावाले एकमेकांचा उद्धार करत असतात आणि वर नादस्वामी मौनात बसलेले असतात. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. मग समोरच्या गर्दीत कुणाचा तरी मोबाईल वाजतो. उचलला की थेट स्वामींचा आवाज, तोही नाव घेऊन: "बाळ सावित्रम्मा, तुझ्या घरातला आजार मला दिसतोय." वर बघावं तर स्वामींचे ओठ जागचे हललेले नसतात. ती सावित्रम्मा तिथंच लोटांगण घालते आणि शेजारचे तिच्या मोबाईलच्या पाया पडतात.

मी मागच्या भिंतीला टेकून हे बघत होते. मला राग यायला हवा होता. पण आठवडाभर मला काहीच येत नव्हतं, रडूसुद्धा नाही.

आरोही माझी मुलगी, पाचवीत आहे. तिला फिट्स येतात. गोळी चुकली नाही तर ती चारचौघींसारखी हुंदडते. नवरा पुण्याला, मी इथल्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला, त्यामुळं गोळी द्यायचं काम सासूबाईंकडं, म्हणजे तानाबाई आत्यांकडं. मागच्या आठवड्यात शाळेच्या प्रार्थनेत आरोही कोसळली. दातांखाली जीभ सापडून फाटली. घरी येऊन बघते तर गोळ्यांची पाकिटं न उघडता देव्हाऱ्यामागं ठेवलेली.

"स्वामींचा फोन आला हुता," आत्या म्हणाल्या. "विलायती औषदं सोड म्हणाले. विजू, माजं नाव घिऊन म्हणाले, तानाबाई. म्या तर त्यास्नी चकार शबूद सांगितला नव्हता."

मी भांडले नाही. अंगात तेवढी धुगधुगी नव्हती. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण मी ड्यूटीवर गेल्यावर ती पोरीच्या पोटात जाणार की देव्हाऱ्यामागं, ते कोण सांगणार? म्हणून गुरुवारी रजा टाकली आणि आत्यांबरोबर स्वामींकडं आले.

दारात उदयसिंह नावाचा सेवेकरी टॅब घेऊन बसला होता. आधी लॉगिन, मग दर्शन. नाव, मोबाईल नंबर, मोबाईलवर आलेला ओटीपी, आणि अडचण कोणती: आजार, लग्न, मूलबाळ की कोर्ट. म्हाताऱ्यांना टाइप करता येत नाही, म्हणून तोच गोड बोलून विचारायचा आणि भरायचा. "गर्दीचा अंदाज यावा म्हणून हो, आजी." आत्यांच्या लेखी तो दारातला पोरगा. त्याला सांगितलं म्हणजे स्वामींना सांगितलं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी मात्र टॅबकडं बघतच राहिले. दवाखान्यात माझं हेच काम. पेशंटनं ॲपवर लॉगिन केलं की पुढचं सगळं सॉफ्टवेअर आपोआप करतं. नाव उचलतं, आजार बघतं, त्याला नेमून दिलेलं रेकॉर्डिंग निवडतं आणि फोन लावतं: "नमस्कार आरोही, आज गोळी घेतली का?" ही जोडणी मीच बसवलीय. आत्यांच्या मोबाईलवर तो फोन रोज सकाळी येतो आणि त्या रोज कट करतात.

आमच्या पुढं धुळाप्पा होता. आत्यांच्या माहेरचा, मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ.

"नाव?" उदयसिंहनं विचारलं.

"सर्जा."

"अडचण?"

"आजारी हाय. खातच न्हाय."

उदयसिंहनं आजारावर बोट ठेवलं. मेंढपाळांत लाडक्या मेंढ्याचं नाव पोरासारखंच घेतात. धुळाप्पाला वेगळं काही सांगावंसं वाटलंच नाही.

आत सावित्रम्माचं लोटांगण होतं न होतं तोच धुळाप्पाचा मोबाईल वाजला. ऐकायला कमी येतं म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"बाळ सर्जा, तुझा आजार मला दिसतोय."

धुळाप्पानं हात जोडले. "स्वामी, सर्जा मेंढा हाय."

"विलायती औषधं आजच सोड."

"औषद न्हाय, पेंड सोडलीया त्येनं. मेंढा हाय त्यो. ऐका की."

"रोज पहाटे अनवाणी चाल. आईवडिलांचं मन दुखवू नकोस."

धुळाप्पा मोबाईलकडं बघत राहिला. "त्येच्या पायात चप्पल कवा हुती?" तो शांतपणे म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. उदयसिंह लगबगीनं पुढं आला. "स्वामींना माणूस आणि जनावर यांत भेद दिसत नाही," तो म्हणाला. झालं, माना डोलल्या. आत्याही डोलल्या. दोघं-तिघं तर धुळाप्पाच्याच पाया पडायला निघाले.

मी दाराशी गेले. टॅब तसाच पडला होता. नाव घातलं, नादस्वामी. नंबर माझा. ओटीपी आला, तो भरला. अडचण, आजार. परत येऊन स्टेजपुढं उभी राहिले आणि फोन वाजताच तो स्पीकरवर टाकून वर धरला.

"बाळ नादस्वामी, तुझा आजार मला दिसतोय. विलायती औषधं आजच सोड."

स्वामींचा एक डोळा उघडला.

"हे रेकॉर्डिंग आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच सपाट वाटला. "दारात तुम्ही नाव सांगता, ते मशीन यांच्या आवाजात घालतं आणि फोन लावतं. आजाराला एक रेकॉर्डिंग, लग्नाला दुसरं. खोटं वाटत असेल तर दारात जा आणि आपल्या म्हशीचं नाव घालून बघा."

लोक उठलेच. दाराशी रेटारेटी सुरू झाली.

"उदय, आधी तो टॅब उचल," स्वामी ओरडले. मौन सुटलं ते असं.

रिक्षात आत्यांनी आपला मोबाईल काढून उलटासुलटा बघितला. मग म्हणाल्या, "तुज्या दवाखान्याचा फोनबी तसलाच की."

"हो आत्या, तसलाच."

"मंग त्येचं तरी का ऐकायचं?"

कित्येक शिकलेल्यांना हा प्रश्न सुचत नाही. "नुसतं ऐकू नका," मी म्हणाले. "त्या फोनमागं डॉक्टर आहेत. त्यांना जाऊन विचारा, पटलं नाही तर भांडा."

माझं तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. फोन देवाचा असो की दवाखान्याचा, त्यानं तुमचं नाव घेतलं म्हणून विरघळू नका. उलट प्रश्न विचारा. जिथं उत्तर मिळत नाही, तिथल्या शब्दावर कुणाची गोळी बंद करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचा फोन वाजला. आत्यांनी तो कट केला आणि पायात चप्पल सरकवली. "चल. ही गोळी पोरीच्या डोस्क्यात काय करती, ते मला डागदरच्या तोंडनं ऐकायचंय."

त्यांनी डॉक्टरांना भंडावून सोडलं. घरी आल्यावर आरोहीला समोर बसवून स्वतः गोळी दिली आणि गिळली का बघायला तिला तोंड उघडायला लावलं. जिभेवरची जखम अजून लाल होती. आत्या ती बघतच राहिल्या.

"माज्यामुळंच झालं की गं हे," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठं मला रडू आलं.