नारिंगी टोकांच्या काठ्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक घर डोळ्यांसमोर आणा. सरकारी रस्ता त्याच्या बराच अलीकडे संपतो. बर्फ काढणारी मोठी गाडी शेवटच्या वळणापर्यंत येते, तिथं गोल फिरते आणि परत जाते. पुढची वाट ज्याची त्यानं मोकळी ठेवायची. आता त्या वाटेवर बर्फ पडू द्या. आधी घोट्याएवढा, मग गुडघ्याएवढा. मोठ्या तळ्यावरून वारा सुटला की बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. दिसलं घर? खिडकीत एक म्हातारी बसली आहे, तिच्या नाकाला प्राणवायूची नळी आहे. ती हेल्मी. शेजारी बटाटे सोलत बसलेली मुलगी म्हणजे तिची नात, सायमा.

हेल्मीला डॉक्टरांनी घरी सोडलं ते एका अटीवर. प्राणवायूच्या सिलिंडरची गाडी आणि वेळ पडली तर रुग्णवाहिका, दोन्ही दारापर्यंत पोचल्या पाहिजेत. वाट बंद झाली तर तिला शहरातल्या रुग्णालयात न्यायचं. तिथून ती परत येणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सायमालाही होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"मला इथंच राहायचंय," हेल्मी म्हणायची. "तिथली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी."

पण वाट मोकळी करायची कशी? बर्फ काढायच्या जुन्या ट्रकचा सांगाडा गंजून खाली आला होता. बर्फ काढून देणारा शेजारी ऑरिन घर विकून दक्षिणेला गेला होता, आणि बाकीच्यांकडे आधीच त्यांच्या ताकदीबाहेरची कामं होती. घरात उरली होती ती लाकडं वाहायची छोटी कामगाडी, मागे हौदा असलेली. म्हणून आजोबांनी, म्हणजे रेनोनं, ठरवलं की तिलाच पुढं बर्फ ढकलायचं पातं बसवायचं.

सगळा ऑक्टोबर त्यांचा शेडमध्ये गेला. तेलाची जुनी टाकी उभी कापून त्यांनी तिचं गोलसर पातं केलं. ते पेलायला दोन चौकोनी नळ्या गाडीच्या पोटाखालून नेऊन सांगाड्याला जोडल्या. सायमा दिवा धरून उभी राही आणि विचारत राही.

"पात्याच्या मागं या स्प्रिंगा कशाला, आजोबा?"

"जमिनीत दगड असतो ना, त्याला पातं धडकतं. स्प्रिंग असली की पातं मान वाकवतं, दगडावरून सरकतं आणि पुन्हा ताठ होतं. स्प्रिंग नसली तर काहीतरी मोडतं."

स्प्रिंगा त्यांनी शेडच्या जुन्या दाराच्या काढल्या होत्या. पहिला ओला बर्फ पडला तेव्हा त्यांनी पातं चालवून पाहिलं. हातभर ढीग समोर आला की ते आडवं व्हायचं.

"हे पातं आहे की हॉटेलातला पोऱ्या?" खिडकीतून हेल्मी ओरडली. "दिसेल त्याच्यापुढं वाकतंय."

"तू गप बस, तुला बोलायला हवा पुरत नाही."

"तुझ्यापुरती आहे."

जाड स्प्रिंगा मागवल्या तर यायला बराच वेळ लागणार होता. रेनोनं होत्या त्या दाराच्या स्प्रिंगाही काढून टाकल्या आणि मधे लोखंडी पट्टी ठेवून वेल्डिंग मारलं. पातं ताठ झालं. "या वाटेवरचा दगड न् दगड मला माहीत आहे," ते म्हणाले.

दर वर्षी जमीन गोठायच्या आत आजोबा आणि सायमा वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या ठोकायचे. नारिंगी टोकांच्या, माणसाहून उंच. सगळं पांढरं झालं की वाट कुठली आणि नाला कुठला, हे त्या काठ्या सांगायच्या. या वर्षी त्या शेडच्या कोपऱ्यात तशाच होत्या.

"काठ्या कधी ठोकायच्या?" सायमानं विचारलं.

"हरणांची शिकार होऊ दे, आल्यावर ठोकू."

त्या भागात नोव्हेंबर अर्धा झाला की सगळं शिकारीनंतर होतं. शिकार सुरू होते त्या दिवशी शाळासुद्धा बंद असते. रेनोनं लहानपणापासून शिकारीची जंगलातली झोपडी एकही साल चुकवली नव्हती. या वर्षी ते नको म्हणत होते, तर हेल्मीनंच त्यांना बाहेर काढलं. "जा तू. इथं बसून माझे श्वास मोजत असतोस, मला ते चुकवावेसे वाटतात."

ते जंगलात असतानाच थंडी आली, जमीन गोठली आणि तळ्यावरून बर्फ सुरू झाला. परत आले तेव्हा वाट, कुरण, नाला, सगळी एकच चादर होती. गोठलेल्या जमिनीत काठी जाईना. दुसऱ्या दिवशी सिलिंडरची गाडी येणार होती, आणि घरात शेवटचाच सिलिंडर उरला होता.

सकाळी रेनोनं कामगाडी बाहेर काढली. पातं खाली सोडलं आणि काय सांगू, बर्फ लाटेसारखा बाजूला उलटत गेला. सायमा मागून पळत होती. हेल्मीनं खिडकीत हात वर केला. नाल्यावरच्या मोरीपर्यंत काळी खडी दिसू लागली. मग वळण आलं. रेनोनं वळणावरच्या सूचीपर्णी झाडाकडे बघून अंदाज घेतला आणि गाडी जोरात घातली. अंदाज गाडीच्या रुंदीएवढा चुकला आणि पातं वाटेकडेच्या, बर्फाखालच्या दगडावर आदळलं.

आवाज घरात ऐकू गेला. सायमा पोचली तेव्हा आजोबा बर्फात पालथे पडून गाडीखाली बघत होते. पुढची चाकं दोन दिशांना फाकली होती.

"माझा जोड शाबूत आहे," ते म्हणाले. "एक टाका सुटला नाही. सांगाडा फाटलाय."

"पातं वाकलं नाही?"

"मी वाकू कुठं दिलं त्याला?" ते उठले नाहीत. सायमानं त्यांच्या पाठीवरचा बर्फ झटकला, तो पुन्हा साठला.

मग त्यांनी आणि सायमाच्या आईनं, करीनानं, फावडी घेतली. उपसलेलं वारा मागून भरत होता. दुपारी करीनानं फावडं भिंतीला टेकवलं आणि आत जाऊन फोन केला. बचावपथकाची माणसं अंधार पडायच्या आत मोटारस्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी, घेऊन येणार होती, आजीला न्यायला.

"स्लेज येते तर त्यावरून सिलिंडरच का नाही आणत?" सायमा म्हणाली.

"आणतील एकदा. मग? हिवाळा आत्ता कुठं सुरू झालाय, बाळा."

हेल्मीनं आपला कप धुऊन मागितला, स्वतः पुसला आणि फडताळात जागेवर ठेवून घेतला. रेनो तिच्यासमोर बूट न काढता बसले होते. एरवी तिनं त्यांना घराबाहेर घालवलं असतं. आज ती फक्त फरशीवर साठणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली.

फोन पुन्हा वाजला. पथकातल्या माणसानं विचारलं, वाट नक्की कुठून आहे? स्लेज नाल्यात उलटली तर आजींचं काही खरं नाही. करीनानं रेनोकडे बघितलं. रेनोनं नकारार्थी मान हलवली. त्यांना आता कशाचीच खात्री नव्हती.

सायमा रोज शाळेच्या बससाठी त्या वाटेनं चालत जायची. बर्फाखाली खडी असली की बूट कसा टेकतो आणि गवत असलं की कसा, हे तिच्या पायांना माहीत होतं. वाट दिसली की आजीला नेणार, हेही तिला माहीत होतं. ती बराच वेळ दाराशी उभी राहिली.

मग तिनं टोपी कानांवर ओढली आणि शेडमधून काठ्यांचा भारा खेचत आणला. जमिनीत नसल्या तरी बर्फात त्या उभ्या राहत होत्या. पायानं खडी चाचपून तिनं पहिली काठी दाराशी रोवली, स्लेज जाईल एवढी जागा सोडून समोर दुसरी रोवली, आणि वळणाकडे चालू लागली.