हार्ड डिस्कला कुंकू

साकीनाक्याच्या रिपेअरिंगच्या दुकानात चैतन्यने माझी बंद पडलेली हार्ड डिस्क उघडली आणि विचारलं, "हिच्यावर पाणी पडलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने सर्किटवर बोट ठेवलं. तिथे लाल काहीतरी वाळून चिकटलं होतं. कुंकू.

आई दर दसऱ्याला घरातल्या सगळ्या मशीनची पूजा करायची. मिक्सर, शिलाई मशीन, माझी बाईक. ती मार्चमध्ये गेली, म्हणून यंदा पूजा बाबांनी केली. माझ्या टेबलावरची हार्ड डिस्कही त्यांनी सोडली नाही. ओलं कुंकू लावलं, वर फुलाने पाणी शिंपडलं, ते फटीतून आत उतरलं. आईचे सगळे व्हिडिओ त्या डिस्कमध्येच होते.

दुकानातूनच मी बाबांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. "अक्कल आहे का तुम्हाला?" असंही बोललो. मला काहीच वाटलं नाही. फोन ठेवून मी चहा प्यायलो.

पाच दिवसांनी चैतन्य म्हणाला, "वाट लागलीय यार. एकच क्लिप निघाली, नऊ सेकंदांची."

ती मी घरी बाबांसमोर लावली. गेल्या वर्षीच्या दसऱ्याची होती. आई कुंकवाचं बोट घेऊन कॅमेऱ्याकडे येते. मी ओरडतो, "हात लावू नकोस! अक्कल आहे का तुला?"

आई बोट पदराला पुसते. "बरं रे, नाही लावत."

क्लिप संपली. बाबा स्क्रीनकडे बघत राहिले.

"परत लाव," ते म्हणाले.