नवलच्या नावाचे गहू

कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने काढतात, माणशी सव्वा मूठ. सासूबाईंनी परातीत हात घातला नि म्हणाल्या, "ह्या नवलना."

"त्यान्हा नको लेऊ!" आमचे हे, प्रेमराज, दारातूनच गरजले.

सासूबाईंचा हात तिथेच थांबला. नवल म्हणजे माझा धाकटा दीर, जळगावला पिंप्राळ्यात राहतो. ज्याचे गहू नाहीत तो रोटाला नाही आणि जो रोटाला नाही तो भाऊबंदात नाही. जित्याजागत्या माणसाला वगळायचं, असं आमच्या देवपूरच्या घरात कधी झालं नव्हतं.

निमित्त सकाळचं होतं. भाजीबाजारात पिंप्राळ्याचा चिंधा यांना भेटला आणि विचारू लागला, नवलभाऊंच्या छातीत जाळी बसवली, आता बरे आहेत ना? यांनी मान डोलावली. "हां, बरा शे." सख्ख्या भावाचं दुखणं परक्याकडून कळायचं आणि वर सगळं ठाऊक असल्याचं सोंग करायचं! तेव्हापासून यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. मोटरसायकल पुसून झाली की पुन्हा पुसत होते. चहा गरम म्हणून ओरडले, मग गार झाला म्हणून ओरडले. मीही काही गरीब गाय नाही.

"चहावर राग का काढतस? नवलभाऊले फोन करा," मी म्हटलं.

"करस ना! चांगला सुनावस त्याले."

त्यांनी फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. दम द्यायचा तर तो चारचौघांत, अशी यांची रीत.

"मी काय मरी गयथू का रे? माले का बरं सांगं नही?"

पलीकडून नवलचा बारीक आवाज आला.

"भाऊ, तू ऊना असता, डॉक्टरवर वरडता, मेघावर वरडता. माले तुन्हं भेव वाटनं."

मेघा म्हणजे त्याची बायको. मला नवलचा राग आला. एवढ्या दुखण्यात कुणी असं वागतं का? आणि लगेच ओशाळले, कारण त्याचं बोलणं मला पुरतं पटलं होतं.

मी स्फोटाची वाट पाहत होते. हे मात्र खाटेवर बसले.

"चिंधानी सांगं तवय मन्हा पाय कापाले लागनात, नवल," ते म्हणाले. "राग मांगून ऊना. मी येसू तुन्हाकडे. वरडसू नही."

"ये," नवल म्हणाला.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि नवलचे गहू काढले. आता सगळं मिटलं असं वाटून मीही सुपाकडे वळले, तर हे माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेने मला चैन पडेना.

"दिपमाला, तू बी माले काही सांगस नही का?"

नाही म्हणणं सोपं होतं. वीस वर्षं तेच म्हणत आले होते.

"हां," मी म्हटलं. "बरंच."

त्यांच्या गळ्याची शीर फुगली, मग हळूहळू बसली. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

"मंग सांग," ते म्हणाले.

शेजाऱ्यांना आरडाओरडा ऐकू जाऊ नये म्हणून मी सवयीने आधी दार लावायला उठले.