आठ नंबरच्या खाटेवरची मोळी

मित्रांनो, मी आष्टीच्या सहकारी दवाखान्यातली आठ नंबरची लोखंडी खाट. अजून उभी आहे, पण पाय कुरकुरतात. म्हातारपण कुणाला चुकलंय! बहात्तरच्या दुष्काळानंतर इथल्या सभासदांनी पदरमोड करून हा दवाखाना उभारला, तेव्हा बीडच्या मुनव्वर मिस्त्रींनी मला जोडलं. "हत्ती झोपला तरी हालनार न्हाई," असं ते म्हणाले होते.

माझा तोरा काय सांगू! पोटाचं ऑपरेशन झालं की माणूस आठ-आठ दिवस माझ्यावर. हलायचं नाही, असा दंडकच होता. मला वाटे, माझ्यावर पडल्याशिवाय कुणी बरं होतच नाही. पण पडून पडून कुणाच्या छातीत कफ साठे, कुणाच्या पायात रक्ताची गाठ होई. ऑपरेशन झकास व्हायचं आणि माणूस हातचा जायचा.

मग डॉक्टर सलिमा आल्या. त्यांनी सांगितलं की ठिकठिकाणच्या दवाखान्यांत, रुग्णांची संमती घेऊन, दोन्ही रीती ताडून पाहिल्या आहेत. काहींना पडू दिलं, काहींना दुसऱ्याच दिवशी उठवून चालवलं. चालणारे लवकर बरे झाले, छातीचा त्रासही त्यांना कमी झाला. झालं! आमच्या वॉर्डातही लोक उठून चालू लागले. मला राग आला हो. दुसऱ्याच दिवशी मी रिकामी?

पुढे एका दुष्काळी साली शिरूर कासारची छबुबाई माझ्यावर आली. ऊसतोडीहून परतली आणि तिचं आतडं फुटलं. ऑपरेशन नीट पार पडलं. उशाशी सासू वच्छलाबाई. सुनेवर तिचा लई जीव.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, हिला आता उठवायचं."

"उटवायचं? टाकं उसवलं म्हंजी? माजी सून काय तुमच्या प्रयोगाला हाय का?"

"प्रयोग आधीच झालेत मावशी. तुमच्या-आमच्यासारख्याच माणसांनी त्यात भाग घेतला, म्हणून तर कळलं."

वच्छलाबाईनं मान डोलावली. पण डॉक्टर पाठमोऱ्या होताच तिनं काय करावं? गाठोड्यातून जुनं लुगडं काढलं, उसाची मोळी आवळतात तसं छबुबाईला पोटापासून छातीपर्यंत आवळलं, त्याचं टोक माझ्या दांडीला बांधलं आणि वर चादर ओढली. "आता बघू कोन उटवतंय!" बाई गं! सगळं मायेपोटीच चाललं होतं.

छबुबाईचा श्वास वरवर चालू लागला. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला. सिस्टर हजराबी धावल्या, डॉक्टर आल्या, नाकाला नळी लावली, तरी आकडा चढेना. माझ्या दांडीवर ती गाठ होती, पण खाटेला तोंड कुठलं?

शेवटी छबुबाईच पुटपुटली, "आत्याबाई, सोडा की वो. दम कोंडायलाय."

डॉक्टरांनी चादर बाजूला केली. पण मोळीची गाठ ती, दुसऱ्या कुणाला सुटते? वच्छलाबाईनंच ती सोडली. मग छबुबाईला बसतं केलं, टाक्यांवर उशी धरून खोकायला लावलं. कफ सुटला आणि आकडा हळूहळू चढला. हुश्श!

वच्छलाबाईनं ते लुगडं दूर भिरकावलं. "म्या मारलं आसतं की लेकराला!"

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता तुम्हीच चालवा तिला."

संध्याकाळी दोघी हातात हात घालून दारापर्यंत जाऊन आल्या. मी रिकामी होते, आणि खरं सांगते, पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला.

मित्रांनो, आजारी माणसावर माया करा, पण ती डोळे मिटून नको. शंका आली तर दहादा विचारा. कुणी संशोधनात भाग घ्याल का म्हटलं, तर घाबरून पळू नका आणि न समजता होही म्हणू नका.

घरी जाताना वच्छलाबाईनं माझ्या दांडीवरून हात फिरवला. म्हणाली, "बये, लई मजबूत हायस. पर आमच्या कुनाला तुज्यावर यायची पाळी पुन्यांदा नगं."

खाटेला याहून मोठा आशीर्वाद कोणता?