राजाचा नांगर

"ज्यू राजांचीच नाणी का हो जमवता?" असं कुणी विचारलं, की श्रीपाद खांबेटे जरा लांब नजर लावत आणि इतिहासाच्या हाकेबद्दल काहीतरी बोलत. खरी गोष्ट वेगळी होती. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडून त्यांनी सातवाहनांची नाणी म्हणून एक पुडी आणली होती. घरी भिंगाखाली धरली तर आतून जेरुसलेमचे राजे निघाले. फसलो म्हणून कबूल करण्यापेक्षा छंद बदलणं त्यांना सोपं वाटलं.

पुढे तो छंद अंगात भिनला. कारखान्याच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त झाल्यावर तर घोरावाडी स्टेशनजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरा विषयच उरला नाही. नाणी कांस्याची, शर्टाच्या गुंडीएवढी, घाईघाईत पाडल्यासारखी वेडीवाकडी. त्यांच्या पत्नी कौमुदीताई त्या नाण्यांना 'तुमची हरभऱ्याची डाळ' म्हणत. मावळात शेतात कुणाला शिवराई सापडली, की श्रीपादराव म्हणत, "शिवराई काय, कुणीही जमवतं." इतके ते शेफारले होते.

अडचण एकच होती, ऐकायला कुणी मिळत नसे. तळेगावच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान झालं तेव्हा समोर कौमुदीताई होत्या आणि दिवे बंद करायला थांबलेला शिपाई. म्हणून लोणावळ्याच्या माधवीने फोन केला तेव्हा ते हरखून गेले. माधवी रविवारी पर्यटकांना भाज्याची लेणी दाखवायला नेत असे. "काका, लेणी बघून उतरलेली माणसं गावातल्या देवळात चहाला थांबतात," ती म्हणाली. "तिथंच तुमचं व्याख्यान ठेवू या का?"

फलकाचा मजकूर श्रीपादरावांनी स्वतःच रचला. त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं यान्नाई नावाच्या राजाचं होतं. त्याच्या एका बाजूला तारा होता आणि दुसऱ्या बाजूला नांगर. तेव्हा मथळा ठरला : 'दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा नांगर'. माधवीने तो देवळाच्या कमानीवर लावला.

रविवारी ते पोचले तर सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. टोप्या, उपरणी, पदर खोचून बसलेल्या बायका. पर्यटक मात्र चारदोनच, तेही मागे उभे. टेबलाजवळ एक जुना लाकडी नांगर ठेवला होता, त्याला झेंडूची माळ घातलेली. श्रीपादरावांचा ऊर भरून आला. गावाने सजावटसुद्धा किती आपुलकीने केली आहे, असं त्यांना वाटलं. कौमुदीताईंनी मात्र त्या नांगराकडे पाहिलं, मग फलकाकडे पाहिलं आणि नवऱ्याची बाही ओढली. "अहो, जरा ऐका."

"नंतर," म्हणून त्यांनी बाही सोडवून घेतली.

अर्धा तास ते यान्नाईच्या वंशावळीवर बोलले. लोक मुकाट ऐकत होते. मग त्यांनी नाणं आणि भिंग पहिल्या रांगेत बसलेल्या रखमाजीआबांच्या हातात दिलं. झेंडूची माळ घातलेला नांगर आबांच्या घरचाच होता. आबांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं.

"सायेब, ह्याला फाळ न्हाई."

"कशाला?"

"नांगराला. आन् बैल कुटं जुपायचं?"

मंडपात कुणी हसलं नाही, हेच श्रीपादरावांना जड गेलं. एवढी माणसं रविवारची कामं टाकून राजाची शेती ऐकायला आली होती. दुसऱ्या रांगेत कौमुदीताईंनी पदर तोंडाला लावला होता.

"आबा, हा जहाजाचा नांगर आहे," ते म्हणाले. "बंदरात जहाज वाहून जाऊ नये म्हणून खाली टाकतात तो. फलकावर मी हे लिहायला हवं होतं. चूक माझी आहे."

"मंग ह्यो राजा कोळी व्हता का?"

आता पळ काढावा की काय, असं त्यांना वाटून गेलं. पण आबा खरोखर उत्तराची वाट बघत होते. श्रीपादरावांनी हातातली टिपणं खाली ठेवली आणि पहिल्यांदाच साधं बोलू लागले. हा राजा डोंगरातला. मुलूख लहान, चहूकडे मोठी राज्यं. त्यानं लढून समुद्रकाठची गावं घेतली. म्हणून त्यानं नाण्यावर नांगर काढला, असं जाणकार मानतात.

"म्हंजी डोंगरातल्या मानसाला दर्या गावला," आबा म्हणाले. "आपल्या महाराजांनी बी आरमार बांधलंच की. मंग बरुबर हाय."

मंडप एकदम सैल झाला. प्रश्न आले, नाणं हातोहात फिरू लागलं. श्रीपादराव इतके रंगले, की नाण्यावर लक्ष ठेवायचं विसरले. ते परत आलं तेव्हा विठाबाई नावाच्या आजींच्या तळहातावर होतं, आणि त्यावर हळदकुंकू होतं. नुसतं बोट लावलेलं नव्हे, देवळातल्या ओल्या कुंकवाचा चांगला दाबून लावलेला टिळा.

"राजाचं हाय न्हवं?" आजी म्हणाल्या. "लांबून आलंय."

त्या नाण्याला श्रीपादरावांनी कधी ओलं बोट लावलं नव्हतं. त्याची हिरवट कळा जाऊ नये म्हणून ते त्याच्याजवळ शिंकतसुद्धा नसत. तरी त्यांनी दोन्ही हात पुढे करून प्रसाद घ्यावा तसं नाणं घेतलं. परतीच्या वाटेवर कौमुदीताई म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुमचं भाषण मी जागेपणी ऐकलं."

कुंकू काही निघालं नाही. अक्षरांच्या खाचांत जाऊन बसलं. हवालदिल होऊन श्रीपादरावांनी नाण्याचा फोटो संग्राहकांच्या एका परदेशी गटावर टाकला आणि हा लाल थर कसा काढावा, असं विचारलं. सकाळी पाहतात तो कौतुकाचा पाऊस. एका जाणत्या संग्राहकाने लिहिलं होतं, की ही त्या पवित्र भूमीचीच लाल माती आहे, नाणं अस्सल असल्याची खूण. कृपा करून हात लावू नका.

श्रीपादराव गप्प राहिले असते तर मान वाढला असता, आणि मानाची त्यांना किती हाव होती हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी खरं ते लिहिलं : भाजे, देऊळ, विठाबाई, कुंकू आणि ते कशाला लावतात ते.

दोन दिवस गटावर शुकशुकाट. मग त्याच संग्राहकाचं उत्तर आलं. त्याच्याकडेही यान्नाईचं एक नाणं होतं. थोडं कुंकू पाठवता येईल का, असं त्याने विचारलं होतं.

"कोरडी पिंजर पाठवू की ओलं कुंकू?" कौमुदीताई चपला घालत म्हणाल्या.