कमळतळ्याकाठचं जेवण

छोट्या गाडीत चढल्याबरोबर रुक्माबाईनं धाकट्या सुनेला, मंजुळेला, खिडकीशी दामटलं, आपण मधे बसली आणि तिसऱ्या जागेवर पिशवी ठेवून तिच्यावर हात दाबून धरला.

मागून चढलेला माणूस तिथं थबकला. उंच, चापून तेल लावलेला, शर्टाच्या खिशाला पेन अडकवलेला.

"इथं कोणी आहे का, आई?"

"पिशवी बठेल शे," रुक्माबाई म्हणाली.

तो हसला आणि मागं जाऊन दांडा धरून उभा राहिला. मंजुळा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं होतं काय, तर एक चहाची टपरी आणि धुळ्याहून आलेली त्यांचीच मोठी गाडी. रुक्माबाईनं ते बरोबर टिपलं. जिला काही लपवायचं नसतं ती बाई टपरीकडे एवढं टक लावून बघत नाही.

तोरणमाळच्या घाटातली वळणं मोठ्या गाडीला घेता येत नाहीत, म्हणून सगळ्यांना पायथ्याशी उतरवून ही छोटी गाडी फेऱ्या मारत वर नेत होती. आधी मोठा तलाव, मग कमळांचं तळं, आणि दुपारी परत खाली. गल्लीतल्या मंडळानं श्रावणातली सहल काढली होती. रुक्माबाईला खरं तर यायचंच नव्हतं. सारी हयात पांझरा नदीचं पाणी बघितलं, आता डोंगर चढून आणखी कुठलं पाणी बघायचं? पण मंजुळा जाते म्हणाली, आणि थोरली सून लिला कानाशी लागली, "आत्याबाई, तो कंपाउंडर बी येनार शे म्हणे." मग काय, रुक्माबाईनं त्याच संध्याकाळी चपलेचा तुटका अंगठा शिवून आणला.

कंपाउंडर म्हणजे हाच, गिरधर. मंजुळा ज्या दवाखान्यात कामाला होती तिथला. मूळचा पहूरकडचा, बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही, राहायला पार नदीपलीकडे देवपुरात. देवपुरातल्या माणसाला सहाव्या गल्लीच्या सहलीत काय काम? चौकशी केली तर म्हणे एक जागा रिकामी होती. वा रे वा! जागा रिकामी होती! पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि कुठं ते शोधून काढल्याशिवाय रुक्माबाईला चैन पडणार नव्हतं.

धाकटा लेक लोटन ट्रक उलटून गेला, त्याला तीन पावसाळे झाले. मंजुळेला न्यायला तिचे भाऊ आले होते, ती गेली नाही. दवाखान्यात काम धरलं आणि सासूजवळ राहिली. थोरला देवचंद भिंतीपलीकडेच राहत होता, पण लिलाच्या चुलीवरचा घास रुक्माबाईच्या गळ्याखाली उतरत नसे. लिला वाढायची, नाही असं नाही. पण वाढताना अशी बघायची की माणसानं दुसरी भाकरी मागू नये. मंजुळा गेली तर त्या चुलीशी जाऊन बसावं लागणार होतं, मरेपर्यंत. ही भीती रुक्माबाईनं कोणाला सांगितली नव्हती. सांगणार तरी काय? त्यापेक्षा संशय बरा, तो निदान मोठ्या आवाजात बोलून दाखवता येतो.

दुसऱ्या वळणाला तिला मळमळायला लागलं. डोळे मिटून तिनं पिशवी पोटाशी घेतली, तोच मागून खांद्यावरून एक हात पुढं आला. हातात कापलेलं लिंबू.

"हुंगा, आई. बरं वाटेल."

तिनं हुंगलं. बरं वाटलं, त्याचा आणखी राग आला. चोर आधी कुत्र्याला भाकरी टाकतो, ती मनात म्हणाली. मग यात कुत्रं कोण ते ध्यानात येऊन तिनं लिंबू खिडकीतून फेकून दिलं.

"अहो, असू द्यायचं ना," मंजुळा म्हणाली.

"का? त्यानाकरता जीव तुटना का तुना?"

मागच्या बाकावर लिला उगाचच खोकली.

वर पोचले तेव्हा मोठा तलाव धुक्यात अर्धा बुडालेला होता. धुकं जरा हललं की पलीकडचा हिरवा डोंगर दिसे आणि पुन्हा जाई. पाणी काठोकाठ भरलेलं होतं. मंडळाची पोरं आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकत होती, बायका पदर सावरून पाण्यात पाय सोडत होत्या.

"माय, पानी देख ना! कितलं मस्त शे," देवचंद म्हणाला.

"देखी राहिनू," रुक्माबाई म्हणाली आणि मंजुळेकडे बघत राहिली.

मंजुळा बायकांत उभी होती. गिरधर लांब, एका दगडावर. दोघांनी एकदाही एकमेकांकडे बघितलं नाही. एकदाही! रोज एका छताखाली काम करणारी माणसं, साधं चहा झाला का एवढंही विचारत नाहीत? मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. बोलली असती तर रुक्माबाईला कदाचित कमी खटकलं असतं. लिला शेजारी येऊन म्हणाली, "देखं ना आत्याबाई, कशी सोंग करी राहिनी," आणि रुक्माबाईला पहिल्यांदाच वाटलं की हे लिलाच्या तोंडून ऐकायला फार वाईट लागतं.

छोटी गाडी त्यांना घेऊन कमळांच्या तळ्याकडे गेली. हे तळं लहान, गप्प, पानांनी झाकलेलं. बायकांनी झाडाखाली सतरंज्या अंथरायला घेतल्या.

"पाय मोकळे करून येते," मंजुळा म्हणाली.

रुक्माबाईनं तिला पार वळणापर्यंत जाऊ दिलं. मंडळीत गिरधरही कुठं दिसत नव्हता. मग तिनं तांब्या उचलला, म्हाताऱ्या बाईला कुठंही जायला तांब्या पुरतो, आणि काठाकाठानं निघाली. गुडघे कुरकुरत होते, पण तिला आज त्यांची पर्वा नव्हती. हाताला धरून ओढत आणीन, सगळ्या गल्लीसमोर विचारीन, असं तिनं पक्कं केलं होतं.

जांभळीच्या जाड बुंध्यापलीकडून आवाज आला तशी ती थांबली.

"म्हणजे नाहीच," गिरधर म्हणत होता.

"मी दवाखान्यातच सांगितलं होतं. तुम्ही इथवर कशाला आलात?"

"मला वाटलं, घरापासून लांब आल्यावर तुम्ही वेगळा विचार कराल."

"घर बरोबरच आलंय की." मंजुळा जराशी हसली असावी. मग म्हणाली, "त्यांना रात्री खोकला चढतो. उठवून बसवावं लागतं, पाठ चोळावी लागते. लिलावहिनींना हाक मारतील का त्या? मरतील, पण हाक मारायच्या नाहीत. मी ओळखते त्यांना."

"त्यांनाही घेऊन या. मी काय नाही म्हणतोय?"

"सुनेच्या दुसऱ्या घरी? त्या येतील? उगीच काहीतरी बोलू नका. तुम्ही दुसरी बघा, गिरधरभाऊ. मनापासून सांगते."

भाऊ! रुक्माबाईनं तांब्या छातीशी धरला. तिला इतका आनंद झाला की बुंध्याला टेकावं लागलं. जिंकली होती ती. लिलाची चूल नको, लिलाचं बघणं नको, मंजुळा कुठं जात नाही. गिरधरची पावलं गवतातून लांब गेली. आता हळूच मागं फिरावं आणि काही ऐकलंच नाही अशी जाऊन बसावं, असं ठरवून तिनं एकदा, एकदाच, बुंध्याआडून बघितलं.

मंजुळा पाण्याशी उकिडवी बसली होती. तिनं तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. रडत होती की नाही ते पाण्यामुळं कळत नव्हतं. मग पदरानं तोंड कोरडं केलं, केस कानामागं सारले, आणि चेहरा ठीक करायला लागली. आधी कपाळ सैल केलं. मग ओठ. मग डोळे. हळूहळू तिच्या तोंडावर तो चेहरा आला, जो रुक्माबाई रोज संध्याकाळी बघत होती, मंजुळा दवाखान्यातून येऊन "आत्याबाई, चहा टाकू?" म्हणत दारात उभी राहायची तेव्हाचा.

म्हणजे रोजचाच असा होता. दाराबाहेर उभं राहून केलेला. आणि आपण त्या चेहऱ्यात चोरी शोधत बसलो. रुक्माबाईला स्वतःची लाज वाटली, इतकी की क्षणभर तिला मंजुळेचाच राग आला.

ती परत आली तेव्हा लिलानं डबे उघडले होते. कानबाई देवीचे रोट, श्रावणातल्या तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, फडक्यात बांधून आणलेले होते. घराबाहेर रोट नेऊ नयेत असं लिलाचं म्हणणं, पण पुनव दोन दिवसांवर आलेली, आणि पुनवेच्या आत देवीचे रोट घरच्यांनी संपवायलाच हवेत. घरच्यांनीच, परक्याला त्यातला तुकडासुद्धा द्यायचा नाही. त्यामुळं इतर लोक जरा बाजूला बसले आणि हे चौघं आपल्या सतरंजीवर.

"आन इकडे," म्हणून रुक्माबाईनं फडकं स्वतःकडे ओढलं.

एक वाटा देवचंदला दिला. एक लिलाला. एक आपल्यापुढं ठेवला. मंजुळेनं दोन्ही हात पुढं केले होते. रुक्माबाईनं चौथा वाटा फडक्यातच ठेवला आणि फडक्याची गाठ मारली.

मंजुळेचे हात तसेच राहिले. देवचंदनं घास तोंडाशी नेलेला थांबवला.

"बरं कयं, आत्याबाई," लिला म्हणाली. तिला आवाज खाली ठेवणं जमत नव्हतं. "आज ना उद्या हाई व्हनारच व्हतं. जिना पाय घरमा नही, तिले घरना रोट कसाले?"

मंजुळेचं तोंड पांढरं पडलं. हात मागं घेऊन तिनं ते मांडीवर ठेवले. "आत्याबाई, मी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "मी नाही म्हणून सांगितलंय त्यांना. तुमची शपथ."

रुक्माबाईनं पिशवीतून आपली न्याहारी काढली. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. एक अख्खी भाकरी कागदावर ठेवून तिनं कागद मंजुळेपुढं सरकवला.

"तू हाई खाय."

"पण का?"

रुक्माबाई लिलाकडे वळली. "मागला साल तुनी लेक पमी घरच व्हती ना, कानबाईले? तिले दिधा का तू रोट?"

"तिनं लगीन व्हई गयं. दिधेल लेकले कोन रोट देस?"

"मंग मी बी नही दिधा."

लिलाचं तोंड उघडंच राहिलं. शेवटी म्हणाली, "हाई लेक कवय व्हयनी तुमनी?"

"आत्तेच."

मंजुळा सासूकडे बघत होती. तिला समजलं होतं, पण समजलेलं खरं मानायला तिचा धीर होत नव्हता. "तुम्ही ऐकलंत," ती हळू म्हणाली.

"कान शेतस माले."

"मग हेही ऐकलं असेल की मी जाणार नाही."

"तुले कोन इचारस?" रुक्माबाई खेकसली. "लेकले इचारीसन देतस का कोठे? देवचंद, तो कंपाउंडर तठे एकलाच बठेल शे. बोलाव त्याले जेवाले."

"माय, लोक काय म्हनतीन?"

"लोकेसले सांग, पिशवी उठनी, जागा व्हयनी. जाय!"

देवचंद गेला. मोठं शहाणपण नव्हतं त्याच्यात, पण आईच्या या आवाजापुढं बसून राहण्याइतका तो वेडाही नव्हता. गिरधर आला तो चपला हातात घेऊन, जणू कोणी रागे भरणार आहे. रुक्माबाईनं त्याला सतरंजीच्या कडेला बसवलं, दुसरी भाकरी काढली आणि मंजुळेच्याच कागदावर ठेवली. त्यानं आधी भाकरीकडे बघितलं, मग मंजुळेकडे, आणि मान खाली घातली.

"मग तुमचं कसं?" मंजुळेनं विचारलं. आता ती उघड रडत होती, आणि चेहरा ठीक करत नव्हती.

"मनं मी देखसू. तू जेव."

लिला पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेली. रुक्माबाईनं आपला रोट संपवला. मग फडक्याची गाठ सोडून तिनं चौथा वाटा काढला. देवीचा रोट टाकता येत नाही, उरवता येत नाही, आणि आता हा वाटा खाणारं तिच्या चुलीशी दुसरं कोणी नव्हतं. पोट भरलेलं होतं. रोट कोरडा होता, घशाशी अडकत होता. पाण्याचा तांब्या जवळ होता तरी तिनं घेतला नाही. एकेक तुकडा मोडून ती सावकाश चावत राहिली.

खालून छोट्या गाडीनं हॉर्न दिला. मंडळी सतरंज्या झटकायला लागली. ड्रायव्हर वर येऊन ओरडला, "चला आजी, शेवटची फेरी! किती वेळ?"

"थांब रे बाप्पा," रुक्माबाई भरल्या तोंडानं म्हणाली. "मनी लेक जेवी राहिनी."